मुलाच्या पायांवर जांभळं पुरळ, डॉक्टर एचएसपी म्हणतायत, कोणाच्या मुलांना झालंय का?

संगमनेरची_आई

नमस्कार, खूप टेन्शनमध्ये लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत. दिवाळीच्या सुट्टीत त्याला सर्दी, खोकला, घसा दुखणं, थोडी कणकण असं सगळं झालं होतं, घरात सगळ्यांनाच झालेलं त्यामुळे व्हायरल आहे म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही आणि तो बराही झाला, शाळेत जायला लागला. मग दीड-दोन आठवड्यांनी सकाळी मोजे घालताना घोट्याभोवती लाल ठिपके दिसले, मला वाटलं मोज्याच्या इलॅस्टिकने वळ उठले असतील नाहीतर डास चावले असतील, पण संध्याकाळपर्यंत पोटऱ्या, मांड्यांची मागची बाजू, ढुंगण सगळीकडे पसरलं. हात फिरवला की बोटाला लागतात, म्हणजे कातडीच्या वर आलेत, आणि रंग लालवरून जांभळा होत चाललाय. सासूबाई म्हणाल्या अंगावर गांधी उठल्यात, आमसुलाचं पाणी लाव, लावलं पण काही फरक नाही, आणि मुख्य म्हणजे त्याला खाज अजिबात नाही.

आमच्या गल्लीत डेंग्यूचे पेशंट असल्यामुळे मला तर तीच भीती, म्हणून लगेच ब्लड करून घेतलं, प्लेटलेट तीन लाखांच्या वर आल्या, डेंग्यू निगेटिव्ह. दुसऱ्या दिवशी एक घोटा सुजला आणि तो पाय टेकवायलाच तयार नाही, वर पोटात दुखतंय म्हणून वाकून बसतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बघितल्याबरोबर सांगितलं की हा एचएसपी आहे, हेनॉक शोनलाइन परप्युरा, व्हायरलनंतर लहान मुलांत रक्तवाहिन्यांना सूज येते त्यातला प्रकार. पॅरासिटामॉल, आराम, लघवीची तपासणी एवढंच लिहून दिलं. अँटिबायोटिक नाही, मलम नाही काही नाही, आणि म्हणाले लघवी सहा महिने तपासत राहायची.

माझे प्रश्न असे की व्हायरस रक्तात गेलाय का, धाकटी दोन वर्षांची आहे तिला होईल का, आणि पुरळ पायावर असताना लघवी कशाला तपासायची आणि तीही सहा महिने? दवाखान्यात गर्दी होती, सगळं विचारता आलं नाही. प्लीज कोणीतरी सांगा.

चिऊची_आई

ताई, आधी घाबरू नका, माझ्या मुलीला साडेचार वर्षांची असताना हेच झालं होतं आणि आज ती एकदम ठणठणीत आहे, कबड्डी खेळते. तुम्ही जे लिहिलंय ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला इतकं सेम आहे, फक्त आमच्याकडे आधी गुडघा सुजला आणि पुरळ मागून आलं, त्यामुळे सुरुवातीला सगळे पडली असेल, मुरगळलं असेल असंच म्हणत होते.

अनुभवाचं सांगते. हे पुरळ एकदा येऊन जात नाही, लाटा येतात. जुने डाग जांभळ्याचे तपकिरी, मग पिवळट होत जातात आणि तेवढ्यात नवीन लाल उठतात. आमच्याकडे ती जरा बरं वाटलं म्हणून अंगणात धावली की संध्याकाळी पायांवर नवीन बॅच हजर, त्यामुळे पहिले काही आठवडे बसून खेळायचे खेळ, चित्रं, कॅरम असं चाललं होतं. घट्ट मोजे आणि घट्ट इलॅस्टिकच्या चड्ड्या बंद करा, जिथे दाब पडतो तिथे पट्ट्यासारखे डाग उठतात. रोज एकाच उजेडात पायाचे फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते खूप उपयोगी पडतं. सांध्याची सूज आज इथे उद्या तिथे अशी फिरते, ती बघून जीव घाबरतो पण आमच्याकडे सगळी उतरली आणि मागे काही राहिलं नाही.

आणि लघवीचं मात्र अजिबात टाळू नका. डाग गेले की घरातले सगळे म्हणायला लागतात झालं ना बरं आता, कशाला सुया आणि कशाला लॅब, आमच्याकडेही हेच झालं, मी भांडून तपासण्या पूर्ण केल्या. तिच्या लघवीत मध्येच लाल पेशी आल्या होत्या, डोळ्यांना काही दिसत नव्हतं, रंग नेहमीसारखाच होता, फक्त रिपोर्टमध्ये कळलं. पुढे त्या आपोआप गेल्या, पण तपासलंच नसतं तर कळलंही नसतं.

बालरोग_ओपीडी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. तुमच्या डॉक्टरांनी निदान बरोबर केलंय असं वर्णनावरून वाटतंय आणि औषधं कमी दिली हेही योग्यच केलंय. पायांवर आणि ढुंगणावर हाताला लागणारं, न खाजणारं पुरळ, सोबत पोटदुखी किंवा सांधा धरणं, आणि प्लेटलेट नॉर्मल, एवढं असलं की बहुतेक वेळा कातडीचा तुकडा काढून तपासायचीही गरज पडत नाही. प्लेटलेट नॉर्मल हा मोठा मुद्दा आहे, कारण डेंग्यूत किंवा आयटीपीत (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) डाग पडतात ते प्लेटलेट घसरल्यामुळे आणि ते सपाट असतात, इथे रक्त गोठण्यात काहीच बिघाड नाही, बिघाड रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. त्या डागांमध्ये व्हायरस बसलेला नाही. होतं असं की नाक, घसा, आतडं यांच्या आतल्या अस्तराची राखण करायला शरीर आयजीए नावाचं प्रतिपिंड बनवतं, आणि घशात इन्फेक्शन झालं की ते भरपूर बनतं. काही मुलांमध्ये या आयजीएच्या रेणूवर साखरेचा जो भाग जोडलेला असायला पाहिजे तो अपुरा असतो, मग असे रेणू इतर प्रतिपिंडांबरोबर मिळून गठ्ठे करतात, ते गठ्ठे रक्तातून फिरत अगदी बारीक वाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, तिथे पांढऱ्या पेशी धावून येतात, भिंत सुजते आणि लाल पेशी बाहेर झिरपतात. बोटाने दाबलं तरी डाग फिका पडत नाही तो यामुळेच, रक्त वाहिनीच्या बाहेर आलेलं असतं. पायांवर जास्त कारण उभं राहिल्यावर तिथल्या वाहिन्यांवर दाब जास्त. हीच सूज आतड्याच्या वाहिन्यांत आली की पोटात कळा, सांध्यात आली की घोटा सुजतो, आणि किडनीच्या गाळणीत आली की लघवीत रक्त आणि प्रोटीन. आजार एकच आहे, जागा वेगवेगळ्या.

साधारण निम्म्या मुलांमध्ये आधी सर्दी-घशाचं इन्फेक्शन झालेलं असतं. ॲडेनोव्हायरस, पार्वोव्हायरस, कॉक्सॅकी असे बरेच विषाणू यात सापडलेत, स्ट्रेप्टोकोकस हा जंतू तर जुनाच ओळखीचा, कोविडनंतरच्याही केसेस नोंदल्या गेल्यात. घशात स्ट्रेप असेल तर त्याचं अँटिबायोटिक द्यावं लागतं, नसेल तर अँटिबायोटिकने या आजाराला काही होत नाही. धाकटीला सर्दी लागू शकते, एचएसपी लागत नाही, हा संसर्गजन्य नाही, दोघांना एकत्र झोपू दे, खेळू दे. दर लाख मुलांमागे वर्षाला १० ते २० मुलांना होतो, सगळ्यात जास्त ४ ते ७ या वयात आणि थंडीच्या आसपास, त्यामुळे दिवाळीनंतर अशी मुलं ओपीडीत दिसतातच.

लघवीचं कारण नीट समजून घ्या कारण सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. पुरळ, सांधे, पोट हे काही आठवड्यांत जातं आणि मागे खूण ठेवत नाही. मूल पुढे आजारी राहतं ते किडनीमुळे, आणि किडनी सुरुवातीला दुखत नाही, सूजही दिसत नाही. साधारण तिसरा हिस्सा मुलांमध्ये लघवीत काही ना काही सापडतं, त्यातल्या बहुतेकांत फक्त सूक्ष्म रक्त असतं आणि ते आपोआप जातं, थोड्यांना औषधं लागतात, आणि अगदी कमी मुलांची किडनी कायमची खराब होते. ज्यांच्या किडनीवर परिणाम होतो त्यांच्यापैकी सुमारे ८५ टक्के पहिल्या ४ आठवड्यांत दिसतात आणि ९७ टक्के सहा महिन्यांच्या आत. तो सहा महिन्यांचा आकडा इथून आलाय. पहिला महिना दर आठवड्याला, मग महिन्यातून एकदा असं बहुतेक ठिकाणी करतात, प्रत्येक वेळी बीपी पण.

बीपीबद्दल एक. लहान मुलाच्या दंडाला लहान पट्टा लागतो. मोठ्या माणसाचा पट्टा लावला की आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि वाढलेलं बीपी सुटून जातं. छोट्या दवाखान्यात लहान पट्टा नसेल तर सरळ विचारा, लाजू नका.

आयबुप्रोफेनसारखं दुखण्याचं औषध स्वतःहून देऊ नका, पोट आणि किडनी ठीक आहे हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच. स्टेरॉइड खूप पोटदुखी असेल तर देतो, त्याने कळा लवकर थांबतात, पण सुरुवातीलाच स्टेरॉइड दिलं म्हणून किडनी वाचते असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही, त्यामुळे दिलं नाही म्हणून डॉक्टरांवर रागावू नका.

आणि वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं ते कधी: पोटदुखी थांबतच नाही, हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, अंडकोष सुजून दुखणं, लघवी कोकाकोलासारखी किंवा फारच कमी, पापण्या-चेहरा सुजणं, खूप डोकेदुखी किंवा आकडी येणं. आतड्यात आतडं घुसणं हा प्रकार यात शंभरात दोन-तीन मुलांना होतो, तो यात बऱ्याचदा लहान आतड्यातच होतो म्हणून सोनोग्राफी करणाऱ्याला मुलाला एचएसपी आहे हे आधी सांगा.

लंडनहून_मिलिंद

डॉक्टर, फार छान समजावलंत. एक भर घालतो कारण इथे यूकेत आईवडिलांना हे अगदी घोकून घोकून शिकवतात. डागावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबायचा, डाग काचेतून दिसतच राहिला तर तो रक्ताचा डाग. एचएसपीतही तो तसाच दिसत राहतो, पण सोबत जोराचा ताप असेल, मूल मलूल, झोपाळू असेल, हातपाय गार, मान दुखतेय, उजेड नको म्हणतंय, आणि डाग भराभर वाढतायत, तर तो मेनिन्गोकोकस (मेंदूच्या आवरणाला आणि रक्तात इन्फेक्शन करणारा जंतू) असू शकतो आणि त्यात तास मोजायचे असतात. एचएसपीचं मूल सहसा बोलतं-चालतं असतं, पाय दुखतो म्हणून रडतं पण तुमच्याकडे बघून हट्टही करतं. हा फरक घरच्यांना माहीत पाहिजे.

माझ्या भाच्याला इथे झालं होतं तेव्हा फॉलोअपला प्रत्येक वेळी डॉक्टर भेटायचेच असं नव्हतं, नर्सच लघवीची पट्टी आणि बीपी बघायची, एका कार्डवर लिहायची, बिघाड दिसला तरच डॉक्टर. तसं कार्ड घरीच बनवता येईल ताई, तारीख, लघवी, बीपी, एवढे तीन रकाने.

वत्सलाकाकू

बाळा, आमच्या वेळी असं काही नाव नव्हतं पण माझ्या पुतण्याला असंच झालं होतं, उष्णता रक्तात उतरली म्हणायचे. वाळा घातलेलं पाणी दे, सब्जा दे, तिखट तेलकट आणि अंडी बंद कर. आमच्या गावी एक वैद्य आहेत ते रक्तशुद्धीची भस्माची पुडी देतात, पुतण्याला गुण आला होता. मुलांचं काही दुखलं की जीव वरखाली होतो, म्हणून सांगतेय.

बालरोग_ओपीडी

काकू, तुमची काळजी कळते. वाळ्याचं पाणी, सब्जा द्यायला माझी काही हरकत नाही. पण भस्माची पुडी कृपा करून कोणी देऊ नका. बाजारातल्या काही भस्मांच्या औषधांत शिसं, पारा सापडलेला आहे आणि ज्या आजारात आपण किडनी जपतोय त्यात हे देणं म्हणजे जखमेवरच मारणं. पुतण्याला गुण आला कारण हा आजार बहुतेक मुलांत चार-सहा आठवड्यांत आपणहून बरा होतो, जे औषध त्या वेळी चालू असेल त्याला श्रेय मिळतं. अंडी बंद करायची काही गरज नाही, आजारी मुलाला प्रोटीन लागतं. पोटात कळा असतील तेवढे दिवस मऊ भात, वरण, ताक असं साधं द्यावं, बस.

वत्सलाकाकू

बरं झालं सांगितलंस डॉक्टर. भस्माचं मला माहीत नव्हतं. संगमनेरच्या पोरी, पुडी नको देऊ, डॉक्टर म्हणतात तसं कर.

प्रणाली_लातूर

मध्येच विचारते सॉरी, माझ्या बहिणीचा मुलगा १० महिन्यांचा आहे, त्याला सर्दीनंतर गालांवर, कानांवर आणि पायांवर मोठे मोठे गोल जांभळे चट्टे आलेत, हातपाय सुजलेत, पण तो खेळतोय, दूध पितोय. हा पण एचएसपीच का? लोक बघून विचारतायत कोणी मारलं का, तिला रडू येतंय.

बालरोग_ओपीडी

प्रणालीताई, बाळाला आजच दाखवा, कारण ताप आणि प्लेटलेट बघितल्याशिवाय फोनवर कोणी सांगू नये. पण तुम्ही लिहिलंय तसं, साधारण ४ महिने ते २ वर्षांच्या बाळाला, सर्दीनंतर, चेहऱ्यावर-कानांवर नाण्यासारखे गोल चट्टे, हातपाय सुजलेले आणि बाळ मात्र मजेत, असा एक वेगळा प्रकार आहे, ॲक्यूट हेमोरेजिक इडीमा ऑफ इन्फन्सी. हीसुद्धा वाहिन्यांचीच सूज. दिसायला फार भयानक पण बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत औषधाशिवाय जातो आणि किडनी, पोट सहसा वाचतं. बहिणीला सांगा तिच्याकडून काही चुकलेलं नाही.

ताप पाच दिवस किंवा त्याहून जास्त, डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ फाटून लालभडक, जीभ स्ट्रॉबेरीसारखी, मानेत गाठ, असं असेल तर मात्र कावासाकी हा वाहिन्यांच्या सुजेचा दुसरा आजार डोक्यात यायला हवा. १९६७ मध्ये जपानच्या डॉ. तोमिसाकु कावासाकी यांनी तो मांडला. त्यात हृदयाच्या वाहिन्यांना फुगे येतात, उपचार न मिळालेल्या साधारण चौथ्या हिश्शात, आणि पहिल्या १० दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून द्यायचं प्रतिपिंडांचं औषध) दिलं तर हा धोका खूप उतरतो. त्यात वाट बघत थांबायचं नसतं.

प्रणाली_लातूर

निघालोय दवाखान्यात. धन्यवाद डॉक्टर.

संगमनेरची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काल रात्री यायला जमलं नाही कारण रात्री त्याच्या पोटात इतकं दुखायला लागलं की तो पाय पोटाशी घेऊन कण्हत होता, दोनदा उलटी झाली, मला डॉक्टरांचं वरचं वाचलेलं आठवलं आणि आम्ही गाडी काढून सरळ मोठ्या हॉस्पिटलला नेलं. सोनोग्राफी करताना मी आधीच सांगितलं एचएसपी आहे म्हणून, त्यांनी नीट शोधून बघितलं, आतड्याच्या भिंतीला सूज आहे पण आतडं घुसलेलं नाही. शौचात डोळ्यांना रक्त दिसत नाही पण तपासणीत थोडं आलंय. ॲडमिट आहे, सलाईन चालू आहे, कळा थांबत नव्हत्या म्हणून स्टेरॉइड सुरू केलंय, सकाळपासून शांत झोपलाय आणि उठल्यावर पोहे मागितले. लघवी नॉर्मल, बीपी नॉर्मल, पट्टा लहानच होता, मी बघितला.

आता हे विचारायचंय की फाइलवर इथल्या डॉक्टरांनी आयजीए व्हॅस्क्युलायटिस लिहिलंय, हा दुसरा आजार आहे का? आणि शाळेत कधी पाठवू, पीटीला बसू दे का, परत होतं का हे?

बालरोग_ओपीडी

अगदी वेळेवर नेलंत. तोच आजार आहे, २०१२ पासून डॉक्टर लोक कारणावरून आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, आधीचं नाव शोनलाइन आणि हेनॉक या दोन जर्मन डॉक्टरांवरून होतं, त्यांनी १८३७ आणि १८७४ मध्ये याची वर्णनं केली होती. एका लॅबच्या कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका.

पोट शांत झालं, चालताना दुखत नाही, की शाळा सुरू. नवीन डाग आले म्हणून शाळा बुडवायची गरज नाही. पीटी, धावणं सुरुवातीला कमी ठेवा कारण डाग जास्त उठतात, पण खेळल्यामुळे किडनी बिघडते असं नाही, त्यामुळे मुलाला महिनोन् महिने कोंडून ठेवू नका. परत होण्याचं म्हणाल तर साधारण तीनातल्या एका मुलाला होतं, बहुतेक वेळा पहिल्या चार महिन्यांत, पुन्हा सर्दी झाली की, आणि पहिल्यापेक्षा सौम्य. परत झालं तर लघवीचं वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

स्टेरॉइड मध्येच बंद करू नका, डॉक्टर सांगतील तसंच कमी करत न्या. आणि चिऊच्या आईंना एक सांगायचं राहिलं, लघवीत बिघाड येऊन गेलेल्या मुलींनी मोठं झाल्यावर गरोदरपणात हा इतिहास डॉक्टरांना सांगावा, त्या काळात बीपी आणि प्रोटीन वाढण्याची शक्यता थोडी जास्त असते. फाइल जपून ठेवा.

चिऊची_आई

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं डॉक्टर, फाइल आजच कपाटात वर ठेवते.

संगमनेरच्या ताई, घरी आल्यावरचं सांगते. लघवी सकाळी उठल्याउठल्याची पहिली घ्या, दुपारची घेतली तर दिवसभर खेळल्यामुळेही थोडं प्रोटीन दिसू शकतं आणि उगाच घाबरायला होतं, आमच्या डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. मेडिकलमध्ये लघवीच्या पट्ट्या मिळतात पण नीट बघून घ्या, काहींवर फक्त साखर आणि प्रोटीन असतं, रक्ताची खूण नसते, आपल्याला दोन्ही लागतात. पट्टी घरी केली तरी लॅबचं ठरलेलं चुकवू नका. पट्टीत काही आलं तर त्याच दिवशी लॅबमध्ये द्या, प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो सांगून, म्हणजे लघवीतून प्रोटीन नेमकं किती जातंय ते कळतं. शाळेतल्या बाईंनाही एक चिठ्ठी द्या की पायावरचे डाग लागण होणारे नाहीत, नाहीतर मुलं लांब बसवतात, आमच्या चिऊला बसवलं होतं आणि ती घरी येऊन रडली होती.

संगमनेरची_आई

चिठ्ठीचं बरं झालं सांगितलंत, डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांकडूनच लिहून घेते. पहिली लघवी पुढच्या सोमवारी आहे, रिपोर्ट आला की इथेच टाकते.